फॅबफिल्टर प्रो-एल २ : जोर कुठे हरवतो ते दाखवणारा लिमिटर

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका क्लबमध्ये माझ्या डीजे मित्राने, सायट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या, विकत घेतलेल्या एका ट्रॅकला जोडून माझा ट्रॅक वाजवला. दोन्ही ट्रॅक एकाच वेगाचे, स्वरही जुळणारे. तरी माझा ट्रॅक सुरू होताच नाचणाऱ्यांचा जोम ओसरल्याचे मला बारपाशी उभ्या उभ्या दिसले. मित्राने मिक्सरवरचे ट्रिमचे बटण बरेच फिरवले, आवाज वर आला, पण आधीच्या किकमध्ये, म्हणजे मुख्य ड्रमच्या आवाजात, जो छातीवर बसणारा ठोका होता तो माझ्या किकमध्ये काही आला नाही. घरी येऊन मोजले तेव्हा आधीचा ट्रॅक उणे ७ एलयूएफएसच्या (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका ट्रॅक मोठा) आसपास भरला आणि माझा उणे ११.८. फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-एल २ हा लिमिटर, म्हणजे आवाजाची टोके दाबून सबंध ट्रॅक मोठा करू देणारे सॉफ्टवेअर, मी त्यानंतर घेतला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज वापरतो आहे. जे घरच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक संगीत करतात, खर्च परवडत नाही म्हणून किंवा शिकायचे आहे म्हणून स्वतःच मास्टर करतात, म्हणजे पूर्ण ट्रॅकवर शेवटचा हात फिरवतात, आणि बाजारातल्या ट्रॅकइतका जोर आपल्या ट्रॅकमध्ये का येत नाही या एका प्रश्नावर अडलेले आहेत, अशांसाठी हे परीक्षण आहे.

एलयूएफएस हे माप ज्यांना नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबलचे छत असते आणि फाइलमध्ये साठवलेली लाट त्याच्या वर जाऊ शकत नाही. पण लाटेचे टोक छताला टेकले म्हणजे ट्रॅक मोठा ऐकू येतोच असे नाही, कारण कानाला जाणवतो तो एखाद्या क्षणाच्या टोकाचा नव्हे, तर काही काळ टिकून राहणारा जोर. तो मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस.१७७० या शिफारशीत घालून दिली आणि युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली आर १२८ या नावाने ती दूरचित्रवाणी व नभोवाणीसाठी उचलली. या मापात २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागाला सुमारे ४ डेसिबल जास्त वजन मिळते आणि अगदी खालच्या बेसला कमी. ही बाब वरवर रुक्ष वाटते, पण आमच्यासारख्यांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तिच्यातच आहे : ४० हर्ट्झची गुरगुर छताखालची जागा पुरेपूर खाते, मापात तिची नोंद मात्र अर्धीमुर्धीच होते.

क्लबमधल्या त्या रात्रीनंतर मी जे केले ते बहुतेक नवशिके करतात. संगीताच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळालेला लिमिटर मास्टर चॅनेलवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवर, होताच, त्यात आणखी पाच डेसिबल ढकलले. आकडा हवा तिथे आला, पण किक पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखी वाजू लागली. मग एका स्वयंचलित ऑनलाइन मास्टरिंग सेवेला पैसे भरले. तिथून परत आलेल्या फाइलमध्ये हायहॅटच्या झांजा कानात टोचत होत्या आणि बेस प्रत्येक ठोक्याला आत ओढला जाऊन पुन्हा फुगत होता. त्या सेवेचे नाव घेत नाही, कारण चूक तिची कमी आणि माझी जास्त होती, हे पुढे कळले. मित्राला दोन्ही फाइली ऐकवल्या तेव्हा तो म्हणाला, ‘अरे, तुझा ट्रॅक लिमिटरच्या आधीच हरलाय, लिमिटर बिचारा काय करणार?’ तेव्हा ते मला नुसतेच टाळलेले उत्तर वाटले होते.

फॅबफिल्टर ही ॲम्स्टरडॅमची कंपनी, आणि प्रो-एल २ ही तिच्या लिमिटरची २०१७ साली आलेली दुसरी आवृत्ती. लिमिटरचे तत्त्व तेच आहे जे १९९४ साली वेव्हज कंपनीच्या एल१ ने प्लगिनच्या, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, रूपात सर्वांच्या हाती दिले : येणारी लाट काही मिलिसेकंद आधीच पाहून ठेवायची, छताला धडकेल असे टोक दिसले की तेवढ्यापुरता आवाज खाली घ्यायचा, आणि टोक गेले की पुन्हा सोडायचा. डावीकडचा सरकता दांडा वर नेला की ट्रॅक छताकडे ढकलला जातो, आणि मधल्या मोठ्या पडद्यावर लाट उजवीकडून डावीकडे वाहताना दिसते. लिमिटर कधी आणि किती दाबतो ते वरच्या बाजूने खाली उतरणाऱ्या लाल रेषेवरून कळते. हा पडदा सुरुवातीला मला शोभेचा वाटला होता. माझे पैसे वसूल झाले ते मात्र त्याच्यामुळे आणि खालच्या पट्टीतल्या दोन छोट्या बटणांमुळे.

त्यातले पहिले बटण १:१ असे लिहिलेले आहे. ते दाबले की डावीकडून जेवढा आवाज वाढवला तेवढाच शेवटी कमी होतो, म्हणजे लिमिटरने केलेला बदल तेवढा ऐकू येतो, वाढलेला आवाज नाही. हे महत्त्वाचे का, तर मोठा आवाज माणसाला आपोआप चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज जसा वाढतो तसा खालचा बेस कानाला तुलनेने भरीव ऐकू येऊ लागतो. त्यामुळे कोणताही लिमिटर चालू-बंद करून पाहिला की चालू असतानाचा ट्रॅक सरस वाटणारच, आतून त्याचा चुराडा झालेला असला तरी. मी पाच डेसिबल ढकललेला तो ट्रॅक या बटणातून ऐकला तेव्हा मला अक्षरशः लाज वाटली. समान आवाजात ऐकताना न ढकललेला ट्रॅक जिवंत होता आणि ढकललेला ट्रॅक भिंतीपलीकडून येत असल्यासारखा. माझे कान इतके महिने आवाजाच्या वाढीलाच सुधारणा समजत होते. एक सावधगिरीची सूचना मात्र आवश्यक आहे : फाइल काढण्यापूर्वी हे बटण बंद करावे लागते. मी एकदा रात्री एक वाजता ते चालू ठेवूनच फाइल काढली, मित्राला पाठवली, आणि त्याचा सकाळी आलेला निरोप इथे लिहिण्यासारखा नाही.

आता ज्या एका दुपारी माझा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटायला लागला ती सविस्तर सांगतो, कारण या लिमिटरची योग्यता त्यातूनच कळेल. सायट्रान्सचा साचा ठरलेला असतो. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमधून नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स आकाराला आले आणि त्यातून पुढे हा प्रकार निघाला. त्यात प्रत्येक ठोक्याचे चार भाग पडतात, पहिल्या भागावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बेसचे सूर. किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर न येता पाळीपाळीने वाजतात, म्हणूनच छताखालची सगळी जागा आधी एकाला आणि मग दुसऱ्याला मिळते, आणि म्हणूनच हे संगीत इतके मोठे करता येते. माझा ट्रॅक मिनिटाला १४२ ठोक्यांचा आहे, म्हणजे एक ठोका ४२२ मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग साधारण १०५ मिलिसेकंदांचा. प्रो-एल २ च्या पडद्यावर मी एकाच ठोक्याकडे टक लावून बसलो असताना दिसले की लाल रेषा किकच्या सुरुवातीला खाली येते ते ठीक, पण ती लगेचच दुसऱ्यांदा, आणि पहिल्यापेक्षा जास्त, खाली येते. ती जागा बेसच्या पहिल्या सुराची होती. किकची फाइल उघडून पाहिली तर तिची शेपटी १४० मिलिसेकंदांपर्यंत लांबलेली. म्हणजे पस्तीस मिलिसेकंद किकची शेपटी आणि बेसचा पहिला सूर एकमेकांवर चढून वाजत होते, त्यांच्या लाटांची बेरीज होऊन टोक वर जात होते, आणि लिमिटर ठोक्याठोक्याला त्या टोकासाठी सगळा ट्रॅक दाबत होता. कानाला ते टोक ऐकूही येत नव्हते. जे कुणाला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मी ट्रॅकचा जोर खर्ची घालत होतो.

शेपटी शंभर मिलिसेकंदांवर, हलका उतार देऊन, कापली. लिमिटरला पूर्वीइतकेच काम देऊन मोजले तर दीड डेसिबल पदरात पडले होते, आणि किक उलट अधिक टणक झाली होती. मग ३० हर्ट्झच्या खाली साचलेली गुरगुर काढायला घेतली आणि तिथे एक धडा मिळाला : अगदी तीव्र उताराचा फिल्टर लावला तेव्हा गुरगुर गेली, पण टोके जवळजवळ एक डेसिबलने वाढली, कारण असा फिल्टर लाटेतल्या वेगवेगळ्या घटकांची फेज, म्हणजे त्यांची वेळेतली जागा, कमी-अधिक फिरवतो आणि पूर्वी एकमेकांना सावरून धरणारे घटक नव्या जागी एकत्र येतात. फिल्टर काढून टाकला, बेसचा आवाज तयार करणाऱ्या सिंथमध्येच खालचा सूर काढणारा ऑसिलेटर कमी केला, आणि तेवढ्याने आणखी सुमारे एक डेसिबल मिळाले. यातले काहीही प्रो-एल २ ने केलेले नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्याने फक्त बोट दाखवले. पण इतक्या नेमक्या जागी बोट ठेवणारा दुसरा लिमिटर मी वापरलेला नाही.

ट्रॅकमध्ये एक ताशाही आहे. गणपतीच्या आधी नदीकाठी एका पथकाचा सराव चालू असताना, पथकप्रमुखांना विचारून मी मोबाइलला जोडलेल्या छोट्या मायक्रोफोनवर चार मिनिटे मुद्रित केली होती आणि त्यातला दोन मात्रांचा तुकडा ट्रॅकच्या मध्यभागी पेरला होता. ताशाच्या काडीचा कडकडाट म्हणजे लिमिटरची खरी परीक्षा, कारण तो एखाद्या मिलिसेकंदात छतापर्यंत जातो आणि तितक्याच लवकर नाहीसा होतो. इथे दुसरे बटण कामी आले. ते दाबले की लिमिटरने जे कापले ते तेवढेच ऐकू येते, बाकी सगळे गप्प. माझा आजचा अंदाज असा की या कापलेल्या मालात नुसती सुकी टकटक ऐकू येत असेल तर काम ठीक चालले आहे. त्यात सूर, पॅड (मागे पसरून राहणारा लांब सूर) किंवा कुणाचा गळा ओळखू येऊ लागला तर लिमिटर टोके सोडून संगीतच खाऊ लागला आहे. माझ्या ट्रॅकमध्ये ताशा नसलेल्या भागात टकटकच होती. ताशा आला की मात्र त्याच्या प्रत्येक काडीबरोबर मागचा पॅडही कापला जाऊन त्या तुकड्यात उतरत होता. उपाय पुन्हा लिमिटरच्या आधीचाच निघाला : ताशाच्या चॅनेलवर एक साधा क्लिपर लावून टोके तिथल्या तिथे तीन डेसिबल छाटली. क्लिपर म्हणजे कात्री. छताच्या वर आलेले तो सरळ उडवतो, मागेपुढे पाहत नाही, आणि म्हणून मागच्या पॅडला धक्काही लावत नाही. इतक्या क्षणिक आवाजातली ती छाटणी कानाला कळत नाही.

लिमिटिंगच्या आठ शैली दिलेल्या आहेत आणि त्यांची नावे वाचून निवड करणाऱ्याची फसगत होते. ट्रान्सपरंट, पंची, डायनॅमिक आणि ऑलराउंड या चार पहिल्या आवृत्तीपासूनच्या. ॲग्रेसिव्ह, मॉडर्न, बस आणि सेफ या नव्या. कंपनी मॉडर्नला सर्व कामांसाठी पहिली पसंती म्हणून पुढे करते आणि ॲग्रेसिव्हची शिफारस नृत्यसंगीत, रॉक व मेटलसाठी करते. माझ्या कानाला तीन डेसिबलपर्यंत दाबताना मॉडर्नमध्ये किकचा तोल सर्वांत चांगला राहतो, त्यापुढे मात्र तिची कड बोथट होते. तिथून पुढे ॲग्रेसिव्ह घ्यावी, कारण तिचे वागणे क्लिपरच्या जवळ जाते आणि थोडी खरखर पत्करून ती ठोसा राखते. पंची हे नाव पाहून मी दोन आठवडे तीच धरून बसलो होतो, पण माझ्या ट्रॅकला तिने काही ठोसा दिला नाही. सेफमध्ये विकृती येणार नाही याची काळजी घेतलेली आहे, आणि म्हणूनच उणे ८ च्या आसपास जायचे असेल तर ती आपल्या कामाची नाही. एखाद्या सतारीच्या ध्वनिमुद्रणाला ती शोभेल. बस ही शैली मास्टरसाठी नव्हेच, ती ड्रमच्या बसवर, म्हणजे सगळे ड्रम एकत्र येतात त्या चॅनेलवर, मुद्दाम रंग आणण्यासाठी आहे.

ॲटॅक आणि रिलीज, म्हणजे दाब किती वेळाने सुरू व्हावा आणि किती वेळात सुटावा हे ठरवणाऱ्या, बटणांबद्दल बरेच गैरसमज आहेत. कॉम्प्रेसर, म्हणजे लिमिटरचा सौम्य भाऊबंद, वापरणाऱ्याला वाटते की ॲटॅक लांब केला की टोके निसटून जातील. इथे तसे होत नाही, कारण टोके पकडण्याचे काम एक वेगळा, अतिजलद टप्पा करतोच, आणि ही दोन बटणे त्याच्या मागून येणाऱ्या संथ टप्प्याची आहेत. ॲटॅक लहान आणि रिलीज लांब ठेवला की तो संथ टप्पा लवकर कामाला लागतो, आवाज स्वच्छ राहतो, पण ट्रॅक दबकतो आणि श्वास घेतल्यासारखा हलतो. उलट केले की जोर व ठळकपणा वाढतो आणि विकृतीची शक्यताही. त्यामागचे गणित साधे आहे. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट पुरी व्हायला वीस मिलिसेकंद लागतात. लिमिटर त्याहून वेगाने दाबू-सोडू लागला तर तो लाटांच्या रांगेचा आवाज कमी-जास्त करत नाही, तर प्रत्येक लाटेचा आकारच मोडतो, आणि त्या मोडलेल्या आकारातून मुळात नसलेले सूर जन्माला येतात. मोठ्या स्पीकरवर ते बेसच्या अंगात लपतात. मोबाइलवर किंवा रिक्षातल्या स्पीकरवर मात्र घरघर होऊन पुढे येतात. लुकअहेड, म्हणजे पुढचे किती आधी पाहायचे हे ठरवणारे बटण, पाच मिलिसेकंदांपर्यंत जाते. ते अगदी कमी केले की टोकांची धार टिकते आणि ट्रॅक जास्त मोठा वाटतो, पण किंमत पुन्हा विकृतीच्याच रूपात मोजावी लागते. माझे बटण बहुतेक वेळा एक मिलिसेकंदाच्या आसपास असते.

ट्रू पीक लिमिटिंगचा पर्याय मी नेहमी चालू ठेवतो. फाइलमध्ये साठवलेले लाटेचे नमुने छताखाली असले तरी त्यांच्यामधून प्रत्यक्ष काढली जाणारी लाट छताच्या वर जाऊ शकते, आणि एमपी३ किंवा ऑग रूपांतरात तर टोके हमखास वाढतात. स्पॉटिफायची सूचना छत उणे १ डेसिबलवर ठेवण्याची, आणि मास्टर उणे १४ पेक्षा मोठा असेल तर उणे २ वर ठेवण्याची आहे. क्लबसाठीच्या फाइलीत मी इतकी सूट सोडत नाही. ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे नमुन्यांची संख्या वाढवून अधिक बारकाईने हिशेब करणे, बत्तीसपटीपर्यंत आहे. चौपटीच्या पुढे मला फरक ऐकू आला नाही, संगणकाचा पंखा मात्र ऐकू आला.

मापनाचा भाग अगदी काटेकोर आहे. चारशे मिलिसेकंदांचे क्षणिक माप, तीन सेकंदांचे अल्पकालीन माप आणि सबंध ट्रॅकचे एकत्रित माप, तिन्ही एकाच ठिकाणी दिसतात, त्यामुळे वेगळा मीटर उघडावा लागत नाही. पण इथेच एक वाद निघतो तो टाळून चालणार नाही. स्पॉटिफाय सर्वसाधारण मांडणीत सगळे ट्रॅक उणे १४ वर आणून वाजवते, यूट्यूबही त्याच सुमाराला मोठे व्हिडिओ खाली घेते, ॲपल म्युझिकचा साउंड चेक उणे १६ च्या जवळ असतो. मग उणे ८ पर्यंत ढकलण्याचा खटाटोप कशाला, आणि थेट उणे १४ चाच मास्टर का करू नये, असे अनेक जण विचारतात. माझे उत्तर असे की उणे १४ हे वाजवणाऱ्याने ठरवलेले माप आहे, करणाऱ्याने गाठायचे लक्ष्य नव्हे. डीजेच्या पेनड्राइव्हमधल्या फाइली कुणी समान करून देत नाही. तिथे शेजारचा ट्रॅक उणे ७ चा असेल तर आपला ट्रॅक त्याच्याच तोलाचा लागतो, आणि ट्रिम फिरवून आवाज जुळला तरी घनता जुळत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय या संगीताचा तो दाटपणा हा केवळ स्पर्धेचा भाग नाही, तो त्याच्या पोताचाच भाग आहे. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी : माझा उणे ७.९ चा मास्टर आणि त्याच मिक्सचा उणे ११ चा मास्टर समान आवाजात ऐकला तर पहिल्या दहा सेकंदांत मला दुसराच आवडतो. म्हणून मी आता दोन फाइली काढतो, एक डीजेंसाठी आणि एक ऐकणाऱ्यांसाठी.

उणे ७.९ हा आकडा शेवटी असा जमला : दीड डेसिबल किकच्या शेपटीतून, एक बेसच्या सिंथमधून, आणि उरलेले ताशा व इतर ड्रमच्या छाटणीतून. लिमिटरवरची सर्वांत खोल दाब तीन डेसिबलपेक्षा कमी राहिली. पूर्वी उणे ११.८ ला तो जेवढे दाबत होता, जवळजवळ तेवढीच.

आता उणिवा. आतच एखादा क्लिपर दिलेला नाही, आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात लिमिटरच्या आधी क्लिपर लागतोच लागतो, तेव्हा तो वेगळा शोधावा लागतो. संदर्भासाठी घेतलेला दुसऱ्याचा ट्रॅक समान आवाजात शेजारी ठेवून ऐकण्याची सोयही यात नाही. १:१ फक्त आपल्याच ट्रॅकपुरते चालते. प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून दिलेल्या मांडण्या, पुष्कळ आहेत आणि शिकणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य आहे, कारण आपला मिक्स किती जोराने आत येतो ते प्रीसेटला ठाऊक नसते. आणि पडद्याचे एवढे कौतुक केल्यावर हेही सांगितले पाहिजे की त्याच्याकडे पाहण्याची सवय लागते. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी ऐकत नसून लाल रेषा वाचत बसलो आहे; तेव्हापासून शेवटचा निर्णय घेताना खिडकी बंद करतो.

किंमत रुपयांत पाच आकडी होते आणि ती आपल्याकडच्या घरगुती संगीतकाराला जड जाते, यात शंका नाही. नोव्हेंबरमध्ये सूट असते, विद्यार्थी आणि शिक्षकांना वेगळी सवलत आहे, आणि परवान्यासाठी डाँगल, म्हणजे संगणकाला लावायची चावी, लागत नाही, परवान्याचा मजकूर चिकटवला की झाले. ज्यांना हा खर्च करायचा नाही त्यांनी लाउडमॅक्स हा मोफत लिमिटर, त्याच्या आधी एखादा मोफत क्लिपर, आणि युलीनचा मोफत लाउडनेस मीटर एवढ्यावर काम भागवावे. वर सांगितलेले किकच्या शेपटीचे आणि बेसचे काम त्यांच्यावरही होते, फक्त चूक कुठे आहे ते शोधायला जास्त वेळ लागतो आणि समान आवाजात तुलना करण्यासाठी दांडा हाताने खाली घ्यावा लागतो. आयझोटोपच्या ओझोनमधला मॅक्सिमायझर आवाजाच्या बाबतीत याच्या तोडीचा आहे, आणि ज्यांच्याकडे ओझोन आधीच आहे त्यांना प्रो-एल २ घेण्याचे कारण मला दिसत नाही.

घ्यायचा विचार असलेल्यांना एकच विनंती : चाचणीची मुदत तीस दिवसांची असते, ती अर्धवट ट्रॅकवर वाया घालवू नये. मी पहिले दहा दिवस ड्रमचे सुटे तुकडे ढकलून पाहण्यात घालवले आणि त्यातून काही कळले नाही. एक पूर्ण झालेला मिक्स, त्याच वेगाचा आणि त्याच प्रकारचा एक विकत घेतलेला ट्रॅक, आणि पावसाचा किंवा रस्त्याचा आवाज नसलेली दुपार हाताशी असेल त्याच दिवशी लिमिटर उतरवून घ्यावा, १:१ दाबावे, आणि एका ठोक्यात लाल रेषा किती वेळा खाली येते ते आधी मोजावे.